सेन्सर गरम होईस्तोवर

आमच्या मारेगावचा नामाभाऊ मिस्त्री गाडीच्या मालकाशी आधी बोलत नाही. गाडी आली की तो तिच्या मागे पाट टाकून बसतो, सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरतो आणि डोळे मिटतो. मालक बिचारा पिकअप, मायलेज, आवाज असं काहीबाही सांगत असतो. नामाभाऊचं उत्तर एकच असतं.

"गरम होऊ द्या."

दहा मिनिटं तो असाच बसतो. शेडपुढच्या सागाची मोठाली पानं हलतात, रस्त्यावरून कापसाची गाडी जाते, तिच्यातून उडालेला एखादा पुंजका त्याच्या केसांत येऊन बसतो. पाहणाऱ्याला वाटावं, याला झोप लागली. मग तो तळहात नाकाशी नेतो, हुंगतो आणि सांगतो, "पेट्रोल जास्त पिऊन राह्यली." बहुतेक वेळा ते खरं निघतं.

एकदा केळापूरकडे निघालेल्या नवरदेवाची गाडी याच्या दारात बंद पडली. नवरदेव फेटा सावरत याच्या शेजारी उकिडवा बसला. मुहूर्त टळून चालला म्हणून मामाने घाई केली, तेव्हा नामाभाऊ डोळे न उघडता म्हणाला, "नवरदेव गरम हाये मामा, गाडी नाई."

यात त्याचं एक शास्त्र आहे. धुराच्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो इंजिनाच्या कम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून कम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. पण थंड असेपर्यंत हा सेन्सर मुका असतो. तोवर कम्प्युटर नुसत्या अंदाजावर गाडी हाकतो.

"माणसाचंबी तसंच हाये," नामाभाऊ म्हणतो. "थंड माणूस खरं सांगत नाई. गरम होऊ द्या लागते."

हे वाक्य त्याने माझ्यादेखत कितीदा तरी म्हटलं आणि दर वेळी मी दुसरीकडे पाहिलं. का पाहिलं, ते आता सांगून टाकतो.

माझे वडील इथल्या शाळेत गुरुजी होते. नामाभाऊ त्यांचा विद्यार्थी, माझ्याहून दोन वर्षं पुढे. निवृत्त झाल्यावर वडिलांनी एक पांढरी गाडी घेतली. पुढे नजर कमी झाली, चालवणं सुटलं, पण संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीचं दार उघडं ठेवून ते पुढच्या सीटवर बसत. इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐकत आणि बंद करत. म्हणायचे, एवढं ऐकलं की दिवस पुरा झाल्यासारखा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी कापूस फुटायच्या दिवसांत मी ती गाडी घेऊन पांढरकवड्याहून एकटाच परत येत होतो. करंजी सोडली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. थोड्या वेळाने तापमानाचा काटा वर गेला. दोन्हीकडे रानं पांढरी झाली होती आणि दुपार अशी निवांत पसरली होती, की रस्ता आपणच मला वाहून नेतो आहे असं वाटत होतं. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. घाई नव्हती, घरी कोणी आजारी नव्हतं. उन्हात उभं राहायचा कंटाळा आला होता आणि घरी गेल्यावर चहा मिळणार होता, एवढंच. गाव थोडक्यावर राहिलं असताना इंजिन जाम झालं.

वडिलांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मागच्या हप्त्यात नामाभाऊनं पाण्याच्या पाइपाची क्लिप बसवली होती ना. ती सैल राहिली असेल."

क्लिप त्यानेच बसवली होती, हे खरं. सैल राहिली, हे मी रचलं.

नामाभाऊ आला. गाडी ओढून अंगणात आणली होती. स्टेअरिंगखाली त्याने कम्प्युटर वाचायचं यंत्र लावलं आणि बराच वेळ त्यावरचे आकडे पाहत राहिला. वडील त्याला चार शेजाऱ्यांसमोर बोलत होते. शाळेत अक्षर सैल, इथं क्लिप सैल, नाम्या, तुझ्या हाताला कधी वळण लागणार, असं बरंच. नामाभाऊने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"राहिली असंल गुरुजी," तो म्हणाला. "माह्या हातून."

मी चहा सांगायला आत गेलो.

नवं इंजिन बसवायचं त्यानेच अंगावर घेतलं. यवतमाळच्या भंगारवाल्याकडे याच जातीचं इंजिन मिळालं, पण पुढच्या सालातलं. ते बसलं, सुरूही झालं, पण नुसते हुंदके देऊ लागलं. तीन आठवडे नामाभाऊ त्या नळीमागे बसून होता. मी अपराधी मनाने रोज डबा घेऊन जायचो आणि तो मला समजावून सांगायचा. जुना सेन्सर दोनच शब्द बोलतो, जास्त आणि कमी. नवा सेन्सर किती जास्त आणि किती कमी, तेही सांगतो. जुन्या कम्प्युटरला ती बोलीच कळत नाही.

"गुरुजीची हजेरी आठवते का तुले?" तो म्हणाला. "एकदा गण्याच्या नावाले मी हजर म्हणलं, अन् गुरुजीनं मान वर न करता मले उभं केलं. कम्प्युटर तसाच हाये. नाव एकाचं अन् आवाज दुसऱ्याचा, त्याले चालत नाई."

शेवटी त्याने आमचाच जुना सेन्सर घासून-पुसून नव्या इंजिनाच्या नळीत बसवला आणि त्याच्या तारा जुन्या जागी जोडल्या. पिवळा दिवा विझला. त्या संध्याकाळी वडिलांनी इंजिन ऐकलं आणि मान डोलावली. पण नामाभाऊला सुटका नव्हती. दर रविवारी येऊन गाडी तपासायची, असा हुकूम झाला. तो येई, बोलणी खाई, चहा पिई आणि जाई. दर रविवारी मी घरात तोंड लपवून बसे.

मागच्या महिन्यात मला ते सहन होईना. शेडवर गेलो. नामाभाऊ एका जीपमागे बसला होता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्याने डोळे उघडले नाहीत.

"करंजीपासून," तो म्हणाला. "एकोणीस किलोमीटर. दिवा लागल्यावर गाडी किती चालली, ते कम्प्युटर मोजून ठेवते."

"मग तेव्हा काहून नाही बोलला?"

"गुरुजीले पोरगा एकच हाये. मिस्त्री दुसरा भेटते."

मी म्हणालो, आज बाबांना सांगतोच. तेव्हा मात्र त्याने डोळे उघडले. गाडी गरम व्हायच्या आधी त्याने हात मागे घेतल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

"नको सांगू, अवी." त्याचा आवाज बारीक झाला होता. "माय गेल्यापासून मले कोणी रागावत नाई. घरी गेलो काय, नाई गेलो काय. इतवारी गुरुजी दोन घंटे रागावतात. तू सांगतलं तर ते माह्याशी चांगले वागतीन. मंग मले बलावतीन कायले?"

तरी मी सांगितलं. संध्याकाळी गाडीत वडिलांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"जन्मभर हजेरी घेतली रे मी," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावाला कोण हजर म्हणतो, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू कधी बोलतोस, तेवढंच पाहत होतो."

मग रविवारच्या बोलण्याबद्दल नामाभाऊ काय म्हणाला, तेही मी सांगितलं. वडिलांनी इंजिन पुन्हा सुरू केलं.

रविवारी नामाभाऊ आला. माझ्याकडे त्याने भीत भीत पाहिलं आणि पाट घेऊन गाडीमागे बसला. वडिलांनी पुढच्या सीटवरून इंजिन सुरू केलं आणि आवाज चढवला.

"नाम्या, क्लिप पाहिलीस का?"

"पाहिली गुरुजी."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास. पुन्हा पाहा."

नामाभाऊने मान खाली घातली, तळहात नळीपुढे धरला आणि डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं. वडील बोलत राहिले. मी आत जाऊन चहा ठेवला.