कात्रीच्या जागी ब्रश

माझ्या हातून एक वाईट गंमत झाली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, चांगला शुद्धीवर असताना मी ती केली, आणि वर हसलोही. पण ती कळायची तर आधी नामदेवअप्पा कळायला हवेत.

देऊळघाटात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे अप्पा म्हणजे निवृत्त वायरमन. त्यांना एकच वेड. वस्तू दिसली की तिच्याभोवती रेघ मारायची. टेबलावर चष्म्याखाली चष्मा काढलेला, ओट्यावर तांब्याखाली गोल. एकदा चहा पिऊन बाहेर आलो, तर ओसरीवर माझ्या चपलांभोवती पिवळ्या ऑइल पेंटची रेघ! पेंट ओला. चपलाही पिवळ्या.

"अप्पा, हे काय?" मी हादरलोच होतो.

"ज्याची जागा त्याले. उद्यापासून अथीच काढजो बे."

आणि मी, शिकलासवरलेला माणूस, दुसऱ्या दिवसापासून तिथंच चपला काढू लागलो.

मागच्या हिवाळ्यात मात्र त्यांनी कहर केला. त्यांच्या पत्नी शांताकाकू गावातल्या निम्म्या लग्नांची रुखवतं करतात. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, लोकरीचं तुळशीवृंदावन, मण्यांची बैलगाडी. काकूंच्या या कामाच्या खोलीसाठी अप्पांनी भिंतभर प्लायवुड आणलं आणि तीन दिवस ड्रिल लावून त्याला इंचाइंचावर भोकं पाडली. गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली.

"अप्पा, फळी करता का चाळणी?"

"तुले समजून नाई राह्यलं, तं चूप बस."

मग भोकांत हूक आले. कडेनं लाल-हिरवी वेल आली. वर मोर आला, जो मला शेवटपर्यंत कोंबडा वाटला. प्रत्येक हुकामागे तिथं टांगायच्या वस्तूचं रंगीत चित्र. काळी कात्री, निळा ब्रश, पिवळी गोंदाची बाटली. रोज संध्याकाळी अप्पा फळीसमोर उभे राहून हजेरी घेत. "कात्री? हाव. ब्रश? हाव."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिचं रुखवत काकूच करत होत्या. एका दुपारी खोलीत कोणी नव्हतं. मी कात्रीच्या चित्रावर ब्रश टांगला, ब्रशच्या चित्रावर कात्री, आणि ओसरीवर येऊन बसलो. हजेरीच्या वेळी अप्पांचं तोंड बघायचं होतं.

पण आधी काकू आत गेल्या. काहीतरी पडल्याचा आवाज आला. अप्पा आणि मी, दोघंही धावलो. खाली मणी सांडले होते. काकूंचा एक हात काळ्या कात्रीच्या चित्रावर होता, दुसऱ्या हातात ब्रश होता, आणि त्या रडत होत्या.

"हेबी गेलं आता. चित्र पाहूनबी मले चुकीचंच हाती येते. पोरीचं रुखवत तुमी दुसऱ्या कोनाले सांगा."

अप्पा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी गुपचूप दोन्ही वस्तू आपापल्या जागी लावल्या आणि मला ओसरीवर आणलं.

"सहा महिने झाले. नाव इसरते, जागा इसरते. डॉक्टर म्हने, वाढनार. एकट्या तिच्याच वस्तूले रेघा मारल्या असत्या, तं तिले लागलं असतं बे. म्हून साऱ्या घराले मारल्या. तुह्या चपलेलेबी. लोकाईनं मले येडं म्हनलं तं चालते."

माझी नजर त्या पिवळ्या रेघेवर गेली. मी चपला घातल्या आणि घरी आलो. अप्पांनी माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता. त्यांना वाटलं, वस्तूंची अदलाबदल काकूंनीच केली.

चार दिवस काकू त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. चार दिवस अप्पा एकटेच हजेरी घेत होते, आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. पाचव्या दिवशी मी गेलो. चपला त्या रेघेत काढायची हिंमत झाली नाही, बाजूला काढल्या. काकू स्वयंपाकघरात होत्या, अप्पा दारात.

"काकू, ते कात्री अन् ब्रश म्या बदलले होते. अप्पाची गंमत कराले."

अप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी लिहू शकत नाही. काकू मात्र उठून उभ्या राहिल्या.

"म्हंजे मी बराबर चित्रापाशीच गेली होती?"

"हाव काकू. तुमी बराबरच गेल्या होत्या. तुमचं काईच नाई चुकलं. चुकलं माहं. मले माफ करा."