कळ्यांची कवळी

"आई, तुम्ही अगदी निर्धास्त जा! परत याल तेव्हा झाड फुलांनी नुसतं लगडलेलं असेल!"

छातीठोकपणे हे सांगणाऱ्या जावयाने आयुष्यात कधी एक रोपसुद्धा लावलं नव्हतं. पण तो कवळ्या बनवायचा आणि उत्तम बनवायचा. खुद्द सासूबाईंच्या तोंडात त्याच्याच हातची कवळी होती. "देवाने दिलेले दात कुरकुरायचे, जावईबापूंनी दिलेले कुरकुरत नाहीत," असं त्या येईल-जाईल त्याला ऐकवत. रोज असं कौतुक कानावर पडलं की भल्या माणसाचंही डोकं फिरतं, हा तर जावई होता!

झाड कॅमेलियाचं होतं आणि मागच्या अंगणात होतं. अंगण कसलं, दोन भिंतींमधली चिंचोळी सावली! ऊन सकाळी पाहुण्यासारखं डोकावायचं आणि पाणीही न पिता निघून जायचं. सासऱ्यांनी मित्राच्या बागेतली फांदी आणून तिथे कुंडीत लावली होती. ती जगली, वाढली, पण फूल काही आलं नाही. मग सासरे गेले. आणि यंदा पहिल्यांदाच झाडाला कळ्या धरल्या, हिरव्या, टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या. सासूबाई रोज सकाळी समोर स्टूल टाकून बसत आणि म्हणत, "यांच्या हातचं फूल एकदा डोळ्यांनी बघायचंय. बाकी माझं काही मागणं नाही."

नेमकी तेव्हाच धाकटी मुलगी बाळंत झाली आणि सासूबाईंना जावं लागलं. जाताना त्यांनी बजावलं, "पावसाचं साठवलेलं पाणीच घाला. माती सुकू देऊ नका. आणि कुंडी जागची हलवू नका, फिरवूसुद्धा नका. कॅमेलिया रुसतो."

"झाड रुसतं म्हणे!" गाडी वळणाआड गेल्यावर जावई हसला. "अगं, त्या अंधारात माणूस रुसेल! जरा ऊन दाखवतो, मग बघ!"

"अहो, आई काय म्हणाली ते ऐकलंत ना?" बायको म्हणाली.

"ऐकलं. पण मला डोकं आहे!"

त्या डोक्याने कुंडी गच्चीवर नेली, भर उन्हात. नळाचं पाणी बादलीने ओतलं. वर तो रोज कुंडी थोडी थोडी फिरवू लागला. कवळी चारी बाजूंनी फिरवून तपासायची हा त्याच्या धंद्यातला नियम, तोच त्याने झाडाला लावला. आठवडाभर तो गच्चीवरून शीळ घालत उतरायचा.

मग एका सकाळी त्याने कुंडीला हात लावला आणि टप्! एक कळी खाली पडली. तो दचकला. टप्! दुसरी. त्याने श्वास रोखला, तर तिसरी पडली. दुपारपर्यंत कुंडीभोवती कळ्यांचा सडा पडला आणि जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

"आईला फोन करून खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याची शेवटची आठवण मी उन्हात भाजली?"

त्याला सासूबाईंच्या रागाची भीती नव्हतीच. त्या रागावल्या असत्या तर त्याने चार शब्द खाली मान घालून ऐकले असते. पण त्या रिकाम्या झाडासमोर स्टूल टाकून बसतील, हे चित्र त्याला सोसत नव्हतं. आणि तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई उद्याच येणार होत्या!

जावयाने घाईघाईने कुंडी खाली आणून भिंतीला चिकटवून ठेवली. मग तो कामाच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं. मेण होतं, रंग होते, बारीक तार होती. ज्या हातांनी अख्ख्या गावाला दात दिले, ते हात कळ्या देणार नाहीत? सासूबाई दारात उतरल्या तेव्हा झाडाच्या दर्शनी बाजूला कळ्या जिथल्या तिथे होत्या!

सासूबाई झाडासमोर बसल्या. चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. जावयाच्या कानशिलांवरून घाम निथळू लागला.

"छान राखल्यात हो कळ्या," त्या म्हणाल्या. "जरा चकाकतात, नाही?"

"पानं पुसत होतो ना मी... हातासरशी कळ्याही पुसल्या!"

"हो का," सासूबाई म्हणाल्या.

सुटलो, असं त्याला वाटलं. पण एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं, आणि हे खोटं तर दिसामासाने वाढायला हवं होतं! चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, कळ्या फुगत कशा नाहीत?" झालं! दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने एक नंबर मोठ्या कळ्या बसवल्या. पुढच्या आठवड्यात आणखी मोठ्या. आता टोकाशी रंग दिसायला हवा होता.

"फूल कुठल्या रंगाचं असतं गं?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय माहीत! बाबांनी आईला सांगितलं असेल. आईला विचारा."

"आईला विचारून आईलाच फसवू? गुलाबीच असणार! कॅमेलिया म्हटल्यावर गुलाबीच!" गुलाबीचा त्याच्याकडे काय तोटा? हिरड्यांसाठी डबेच्या डबे भरलेले होते.

पहाटे तो गुलाबी टोकाची कळी घेऊन अंगणात गेला. जुनी काढून कुंडीमागे टाकली, तेवढ्यात मागे चपला वाजल्या. सासूबाई! कळी लपवायला खिसा नव्हता. त्याने ती तोंडात टाकली.

"इतक्या लवकर?"

"अं."

"गाल सुजलाय तुमचा! दात दुखतोय?"

"अं!"

"बघा बाई, दातवाल्याचाच दात! बसा इथे. लवंग आणते, शेकायला फडकंही आणते."

त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि गरम फडकं गालावर दाबून धरलं. आत मेण मऊ पडू लागलं. तार जिभेला टोचू लागली. "आ करा बघू," सासूबाई म्हणाल्या. त्याने जोरजोरात मान हलवली. "बरं, राहू दे," त्या म्हणाल्या, आणि फडकं पुन्हा गरम करायला गेल्या. तेवढ्यात त्याने चेपलेली कळी थुंकली, सरळ केली आणि फांदीला अडकवली.

"अगंबाई, रंग दिसायला लागला!" परत येऊन सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "गुलाबी."

"गुलाबीच ना?"

"गुलाबी दिसतोय खरा."

शेवटी एकदाचं फूल उमललं. मेणाचा भरवसा नव्हता, म्हणून कवळीच्याच पक्क्या मालातून त्याने पाकळी न् पाकळी घडवली. सासूबाईंनी लगेच आपल्या बहिणीला बोलावलं. या मावशी म्हणजे महाचौकस! कुठे गेल्या तरी आधी पडद्याचं कापड चिमटीत धरून बघणार. त्या थेट फुलाशी गेल्या आणि नाक खुपसून उभ्या राहिल्या.

"ताई, याला दातांच्या दवाखान्याचा वास येतोय गं!"

बायकोने डोळे मिटले. मावशींनी बोट पुढे केलं, आता टकटक वाजवणार तोच सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"कॅमेलियाला वासच नसतो. वास जावईबापूंच्या कपड्यांना येतोय. आणि हात लावू नकोस, रुसतं ते!"

मावशी चहा पिऊन गेल्या. जावई मात्र जागच्या जागी खिळला होता.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून! कळ्या कुणी पुसतं का? आणि हा गुलाबी तर मी रोज सकाळी वाटीतल्या कवळीत बघते."

"मग बोलला का नाहीत? चुकलं माझं, आई. तुमचं फूल मी..."

सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हे गेल्यापासून सकाळी उठावंसंच वाटत नव्हतं मला. आता डोळे उघडले की वाटतं, चला, आज जावईबापूंनी काय बसवलंय बघू! ती मजा कशाला घालवू?" मग त्या झाडाकडे वळल्या. "आता कुंडी न हलवता भिंतीच्या बाजूने डोकं आत घाला."

त्याने गाल भिंतीला घासत डोकं आत घातलं. घाईत कुंडी ठेवताना जी बाजू त्याने पाहिलीच नव्हती, तिथे पानांच्या आड एक कळी तगली होती. साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर सासूबाईंनी ती जपली होती. सकाळीच उमललेलं ते फूल दुधासारखं पांढरंशुभ्र होतं. जावई बघतच राहिला. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि मग त्यांना हसू आवरेना.

"जन्मभर दात करता ना हो, जावईबापू? मग पांढरं नव्हतं का तुमच्याकडे?"