किशनमामांची डोकेमोजणी

ताडकळसच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. माणसं येतात, छाती-कंबरेचं माप देतात आणि जातात. किशनमामा आले आणि म्हणाले, "माझं डोकं मोज."

मला वाटलं, टोपी शिवायची असेल. मी कपाळाभोवती टेप गुंडाळायला गेलो तर मामांनी हातावर चापटच मारली.

"आडवं न्हाई रे, उभं. हितून," दोन डोळ्यांमधल्या नाकाच्या खोबणीत त्यांनी बोट ठेवलं, "ते हितपर्यंत." दुसरं बोट मागं, मानेच्या वर हाडाचा उंचवटा लागतो तिथं.

"अशी कोणती टोपी असती, मामा?"

"टोपी न्हाई. मोजणी." आणि टेप खिशात घालून निघूनही गेले.

किशनमामा आमच्या गल्लीतले. शेत थोडं, शेळ्या बऱ्याच, आणि बोलणं रग्गड. एखादी गोष्ट मनात शिरली की तिचा भुगा होईपर्यंत सोडायची नाही, हा स्वभाव. एका साली त्यांनी गल्लीतल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, का तर कुरकुरणाऱ्या दारानं शेळ्या आटतात. त्यामुळं ही डोक्याची भानगडही चार दिवसांत उतरेल असं आम्ही धरून चाललो. उतरली नाही.

बाबूभाई चहावाल्याला पूर्ण टक्कल. मामांनी त्याला बाकावर बसवून डोक्यावर टेप धरला. "साफ जमीन हाय. असं डोकं मिळत न्हाई," म्हणाले.

"क्या मामा, सोना गाड्या है क्या मेरे सर में?" बाबूभाईनं विचारलं.

"गप बस. दहावा हिस्सा सोडून पयली खूण. मग दर पाचव्या हिश्शाला एक."

माझ्याही डोक्यावर त्यांनी माझ्याच दुकानातल्या खडूनं ठिपके काढले. "डावीकडं विषम आकडे, उजवीकडं सम. फुडं एफ, मागं ओ."

"डावीकडं म्हणजे कुणाच्या? तुम्ही तर माझ्यासमोर उभे."

"ज्याचं डोकं, त्याची डावी!"

"आणि मधल्या ओळीला?"

"मधी आकडा न्हाई. मधी झेड."

"झेड का?"

"झीरोचा झेड."

"मग झीरोच का लिहीत नाहीत?"

मामांनी खडू कानावर खोचला. "ते मला बी समजलं न्हाई," म्हणाले. "पण हाय तसं. कानाच्या पाळीला बी एक लागती. बाकीच्या खुणा त्या कानाशी ताडून बघायच्या. कान म्हंजी आपला बांधाचा दगड. अन कोणाची जोडी कोणासंगं लावायची, त्याला म्हंत्यात मॉन्टाज."

मला ऐकू आलं मोंढा, म्हणजे आमचा धान्याचा बाजार. मी विचारलं, "मोंढ्यात काय भाव?" त्यावर ते जे चिडले, ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी डोक्याला ठिपके घेऊन घरी गेलो तर बायको म्हणाली, "त्यांना येड लागलंच होतं, आता तुमाला बी लागलं का?"

गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं मामा टोप्यांचा धंदा काढणार, कुणी म्हणालं कुण्या बाबाच्या नादी लागलेत. मला काहीच समजत नव्हतं. मला एवढंच समजत होतं की माझा टेप गेला, आणि एका लग्नाचे ब्लाउज अडलेत.

म्हणून एका दुपारी मी टेप आणायला त्यांच्या घरी गेलो.

गयामामी पाटावर बसल्या होत्या. त्या फारशा बाहेर दिसत नसत. "अशक्तपणा हाय," एवढं बोलून मामा विषय मिटवायचे. केस मोकळे होते. मामा मागं बसून केसांत भांग पाडत होते आणि एकेका ठिकाणी कणकेची चिमूट चिकटवत होते. प्रत्येक चिमटीला पांढऱ्या दोऱ्याचं टोक. मामींनी दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला होता.

"आता डावा कान," मामा हळू आवाजात सांगत होते. "भेऊ नको. तार काई देत न्हाई. नुसती ऐकती."

"करंट?"

"कुठला करंट? तुझ्याच डोक्यातलं तीच घेती अन कागदावर लिहिती. डोळे मीट बघू."

मी उंबऱ्यातच थांबलो. मामांनी मला पाहिलं आणि बाहेर येऊन सगळं सांगितलं.

मामींना झटके येत होते, फिट. बरीच वर्षं. लोक नावं ठेवतील म्हणून दोघांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. परभणीच्या डॉक्टरनं मेंदूची पट्टी, म्हणजे ईईजी, काढायला सांगितली. पण मामींना कुणीतरी भरवलं होतं की तारा लावून वीज सोडतात. अर्ध्या तारा लागल्या आणि मामी उठून थेट रस्त्यापर्यंत पळाल्या, मागं तारा लोंबत. मग मामा एकटेच परत गेले आणि तिथल्या तारा लावणाऱ्या बाईला म्हणाले, माझ्या डोक्यावर करून दाखवा.

"पण मग आमची डोकी कशाला मोजली?" मी विचारलं.

"तिच्या डोक्यावर चुकून कसं चालंल? ती परत भेली असती. म्हणून तुमच्यावर चुकून घेतलं."

मी टेप न घेताच परत आलो.

पुढच्या खेपेला मीही त्यांच्याबरोबर परभणीला गेलो. आदल्या रात्री पेशंटला जागवून आणायचं होतं, म्हणजे तपासणीत झोप लागते. बाईनं मामींच्या केसांत पहिली खूण केली तेव्हा मामींनीच सांगितलं, "आता डावा कान, न्हाई का?" बाई हसल्या. दार लागलं. मी अस्तराचं कापड घ्यायला बाजारात गेलो.

त्या तपासणीनंतर गोळ्या बदलल्या आणि झटके पुष्कळ कमी झाले. पण मला राहून राहून आठवतं ते त्या दिवशी बाजारातून परत आल्यावर पाहिलेलं. मामी बाहेर आल्या होत्या, केसांत तो चिकट लेप तसाच. बाहेरच्या बाकावर मामा भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. मी त्यांना हलवायला गेलो तर मामींनी माझा हात धरला.

"मी झोपले की हे जागे ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या. "झोपंत झटका यील म्हणून. किती वर्षं झाली. आज आत ती बाई माझ्यावर ध्यान ठेवायली, हे ठावं होतं त्यास्नी. म्हणून डोळा लागला."

"मामी, ताडकळसची गाडी लागली असंल."

त्या बाकावर टेकल्या, पदरानं मामांच्या तोंडावरची माशी हाकलली.

"जाऊ दे गाडी," म्हणाल्या.