टाळूवरचा झोत

सलूनवाल्याने दोन्ही खुर्च्यांच्या बरोबर वर, छतात, नवे दिवे बसवून घेतले. दिव्यांच्या दुकानदाराने विचारलं होतं, "उजेड पसरणारा हवा, की एकाच जागी पडणारा?"

"उजेड तो उजेड! सगळ्यात भगभगीत असेल तो दे."

सकाळी पहिले आले बँकेचे मॅनेजर. दिवा लागला, झोत थेट त्यांच्या टाळूवर आदळला आणि आरशात बघून ते किंचाळलेच.

"अरे, माझे केस कुठे गेले?"

"साहेब, अजून कात्रीसुद्धा उचललेली नाही!"

"मग हे टक्कल?"

"ते कालही होतं. दिसत नव्हतं इतकंच."

मॅनेजर गळ्यातल्या टॉवेलसकट निघून गेले. मागोमाग निवृत्त मास्तर बसले. वरच्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पडले आणि नाकाची सावली हनुवटीपर्यंत आली. मास्तरांनी अर्ध्या दाढीनिशी डॉक्टर गाठला. दुपारी एक पैलवान आला. मिशी कोरायला सलूनवाला वाकला, तशी त्याच्याच डोक्याची सावली मिशीवर पडली. अंदाजाने वस्तरा चालवला. अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी पैलवानाने स्वतःच काढायला लावली, आणि काढून होईपर्यंत सलूनवाल्याची मानगूट सोडली नाही.

"काय उजेड पाडलात!" बायको म्हणाली आणि तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. ही मेहुणी नाटकांची प्रकाशयोजना करायची.

ती आली, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "दाजी, दिवा केवढा हे काय बघता? त्याचं तोंड कुठे आहे ते बघा! माणसाचा चेहरा समोर, आणि तुम्ही उजेड ओतताय टाळूवर. नाटकात खुनी दाखवायचा असला की मी असा झोत टाकते."

तिने छतातले दिवे काढले आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, उजेड पसरणारे दिवे लावले. सावल्या पार पळाल्या.

दुसऱ्या दिवशी वकील केस काळे करायला आले. आरशात बघून म्हणाले, "पांढरे काय शोभतायत हो मला! राहू दे." फेशियलला आलेल्याने स्वतःचे चार फोटो काढले आणि शीळ घालत निघून गेला. तिसऱ्याने फक्त कंगवा मागितला. दुपार झाली तरी जमिनीवर एक केस पडला नव्हता.

सलूनवाला भडकला. खुर्चीत धाडकन बसून त्याने मेहुणीला फोन लावला, आणि सहज समोर बघितलं.

"बोला दाजी, काय झालं?"

त्याने मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे.

"काही नाही गं," तो हळूच म्हणाला. "माझी हनुवटी एवढी देखणी आहे, हे तुझ्या ताईने कधी सांगितलंच नाही मला."