मावशीचं नाक

आमच्या सिंदी मेघेच्या कॉलनीत संध्याकाळी बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराला कोपऱ्यावरच्या फाटकाशी थांबून तोंड उघडावं लागतं. फाटकात शकुंतलामावशी उभ्या असतात.

"थांब रे पोट्ट्या! हा कर!"

पोट्टा सायकलवरून उतरतो, तोंड पुढे नेतो आणि "हाऽऽ" करतो. मावशी डोळे मिटून वास घेतात आणि निकाल देतात. "झुणका खाल्ला. कांदा जास्त झाला. जाय, अभ्यास कर."

आता आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दुकान नाही, एवढंच. गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा पाण्याच्या टाकीमागे लोळताना सापडला आणि कॉलनीचं धाबं दणाणलं. या वयात पोरं दारूला लागली की हातची गेली, म्हणून आम्ही समिती काढली. अध्यक्ष कोण? अस्मादिक. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. न थांबता बोलता येतं, हीच पात्रता. मी लगेच व्याख्यान ठेवलं, फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर बाटलीपेक्षा माझा फोटो मोठा होता. श्रोते म्हणाल तर मंडपवाला, आणि माझा मुलगा प्रणव, तोही आईनं ढकलला म्हणून. मंडपवाला मध्येच झोपला.

पुढच्या बैठकीत मावशी म्हणाल्या, "सर, तुमी भाषणं करत राहा. मी वास घेत जाईन."

आणि काय सांगू, टाकीमागचा अड्डा खरंच ओस पडला! मी जळलो हो. एवढी अलंकारिक भाषणं माझी, आणि काम करतंय एका बाईचं नाक! त्यात एकदा माझीच स्कूटर अडवली. "सर, तुमीबी हा करा. अध्यक्षाले काऊन सूट?" भोवती माझेच विद्यार्थी. केला हा. "वांग्याची भाजी," मावशी म्हणाल्या. घरी येऊन बायकोला विचारलं, तर म्हणे डब्यात दोडका दिला होता. मला मावशीच्या नाकाऐवजी दोडक्याचाच संशय आला. त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीनं घरी यायला लागलो.

गेल्या महिन्यात बैठकीचं सांगायला मावशींकडे गेलो, तर घरभर जळका वास. गॅसवर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि मावशी बाजूच्याच खोलीत निवांत गहू निवडत बसलेल्या.

"मावशी, दूध जळून राह्यलं ना! वास नाही आला?"

मावशींनी धावत येऊन गॅस बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वर्सं झाले सर. ताप आलता. तवापासून नाकाले काईच समजत नाई."

"मग तो झुणका? कांदा?"

"अंदाज! कांदा कोण खात नाई?"

"पोरांना कळलं तर टाकीमागे पुन्हा जत्रा भरेल, मावशी!"

"नका सांगू सर कोणाले." मावशी पातेलं घासत राहिल्या. "पोट्टे थांबतात ना फाटकापाशी. नाई तं दिवसभर माह्याशी बोलते कोण? पोरगा पुण्याले. त्याचा फोन रविवारी."

त्या दिवशी जेवताना मी प्रणवला चाचपून पाहिलं. "मावशींचं नाक भलतंच तीक्ष्ण आहे, नाही का रे?"

प्रणव हसला. "बाबा, मावशीले वासच येत नाई. साऱ्या पोट्ट्यांले माहीत आहे."

मी घास ताटात ठेवला. "कसं काय?"

त्यानं ताट जरा पुढे सरकवलं. म्हणाला, "मी एकदा टाकीमागे बीअर पिऊन आलतो. फाटकापाशी मावशीनं थांबवलं. वाटलं, मेलो आता. हा केला. तं म्हणे, 'कांदा खाल्ला वाटते. शाबास माह्या राजा.' अन् गालावरून हात फिरवला."

बायकोनं तव्याखालचा गॅस बंद केला.

"मले लय रडू आलं, बाबा. त्यानंतर नाई घेतली. पोट्ट्यांचंबी ठरलं, पिऊन मावशीपुढं हा करायचा नाई. अन् तिले चुकवून मागच्या गल्लीनंबी जायचं नाई."

मला भयंकर लाज वाटली. तो बीअर पिऊन घरात आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीतच असणार, नव्या फ्लेक्सचा मजकूर लिहीत. तो माझ्या शेजारून आत गेला असणार. आणि माझं नाक तर शाबूत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या रस्त्यानं आलो. मावशींनी मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आता माझ्यापुढे कसलं सोंग करणार बिचाऱ्या! मीच स्कूटर उभी केली, फाटकाशी गेलो, तोंड पुढे केलं आणि छातीभर "हाऽऽ" केला.

मावशी माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"कांदा खाल्ला वाटते, सर."

शनिवार होता. माझा कडक उपास.

"हाव मावशी," मी म्हणालो, "दोन खाल्ले."