कॉम्प्युटरात लागलेली लग्नं

काशीरामच्या मुलीचं, हेमांगीचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मे महिना होता. मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच नथीआत्याचा आवाज बसला.

नथीआत्या ही काशीरामची आत्या आणि वसईच्या खाडीलगतच्या त्या आगरी पाड्यातली धवलारीण. हळदीपासून अक्षता पडेपर्यंत नवरानवरीचं नाव घेऊन धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायचे, हे तिचं काम. भटजी आला तरी नथीआत्याने तोंड उघडल्याशिवाय लग्न लागलं असं पाड्यात कोणी मानत नसे. काशीरामचं लग्नही तिच्याच गळ्यातून लागलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "घरात बसून, पाणी पीत, दुपारी थोडं गायलात तर चालेल. मांडवात दिवसभर गायलात तर आवाज कायमचा जाईल."

हेमांगीने ते ऐकलं आणि जाहीर केलं, "नथीआजीचा धवला नसेल तर मी पाटावर बसणारच नाही. पत्रिका परत मागवा."

काशीराम मटकन खाली बसला.

मार्ग काढला तो भूपेशने. हा काशीरामचा पुतण्या, अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा. "काका, टेन्शन नको. आजीला रोज दुपारी थोडं थोडं गायला लावू, कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवू. लग्नात स्पीकरवर लावायचं."

काशीरामच्या घरातला कॉम्प्युटर मात्र बटण दाबल्यावर चहा पिऊन होईपर्यंत नुसता घरघरत असे. भूपेशने त्याला एक पेन ड्राइव्ह लावला. "यात लिनक्स आहे, कॉम्प्युटर चालवायची सिस्टिम. फुकट. जगभरचे लोक मिळून बनवतात, कोणीही घ्यावं, कोणीही वापरावं."

"फुकट?" काशीरामला धक्काच बसला. "मंग त्या लोकांचं घर कसं चालतं?"

"काका, तो प्रश्न नंतर."

पडद्यावर दोन पर्याय आले. एक कॉम्प्युटरात कायमचं बसवण्याचा, दुसरा न बसवता नुसतं वापरून पाहण्याचा. भूपेश म्हणाला, "आधी वापरून बघू. आवडलं तर बसवू." बघता बघता सगळं चालू झालं, तेही मराठीत. काशीरामची बायको संजना पुढे होऊन 'कचरापेटी' हा शब्द मोठ्याने वाचून आली.

"फोनवर पन घेऊन ठेव रं एकदा," ती म्हणाली.

भूपेश हसला. "काकी, कॉम्प्युटर असताना फोन कशाला? त्यात पंख्याचा आवाज येतो."

माइक लागला. नथीआत्या पाटावर बसली आणि तिने इकडे तिकडे पाहिलं. "नवरा-नवरी कुठं हाईत?"

"आजी, नुसतं गायचंय."

"कोनाचं लगीन नाय आनि धवला? मी काय येडी हाय?"

"मग हेमांगीचं आणि नवऱ्यामुलाचं, विघ्नेशचं नाव घे ना."

"त्यांचं मांडवात लागल. कॉम्प्युटरात नाय."

शेवटी काशीराम आणि संजना यांनाच पाटावर बसवलं. संजनाने पदर घेतला, काशीरामच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. हेमांगी मागे उभी राहून तोंड दाबून हसत होती. नथीआत्याने डोळे मिटले आणि बसलेल्या आवाजात सुरुवात केली,

"काशीराम नवरा बैसला पाटी,
संजना नवरी आली भेटी..."

भूपेश हळूच म्हणाला, "नावं मी नंतर बदलतो. सोपं असतं ते."

काही दुपारी असंच चाललं. पाड्यात कुजबुज सुरू झाली की काशीराम पोरीच्या आधी स्वतःच उरकून घेतोय. भूपेश घरी जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवायला सांगत होता, म्हणून कोणी त्याला हात लावला नाही. सगळे धवले झाले त्या दिवशी संजनाने कचरा काढताना पाहिलं, बिचारी मशीन तापली होती. तिने बटण बंद केलं. वरून रुमाल घातला.

दुसऱ्या दिवशी भूपेशने बटण दाबलं. पडदा उजळला. पुन्हा तेच दोन पर्याय. तो आत गेला. सगळं कोरं. धवला नाही, काही नाही.

"काकी," तो पांढरा पडून म्हणाला, "हे बंद केलं होतं?"

"रातभर जळत ठेवू का?"

भूपेशने डोकं धरलं. मग त्याने सांगितलं ते असं, की नुसतं वापरून पाहत असताना जे काही करावं ते कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत राहतं. बंद केलं की तो सगळं विसरतो.

"म्हंजे आमचं लगीन गेलं?" काशीरामने विचारलं.

"गेलं, काका."

हेमांगी रडायला लागली. संजना म्हणाली, "मी बोललेले फोनवर घे म्हनून!" आणि ते तिने दिवसभर, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, पुन्हा पुन्हा सांगितलं.

भूपेशने त्याच दिवशी काशीरामचं कॉम्प्युटरातलं सगळं सामान, फोटो वगैरे, बाजूला काढून लिनक्स कायमचं बसवलं. चार वेळा बंद करून चालू करून पाहिलं. मग तो नथीआत्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"परत गायचं?" नथीआत्या म्हणाली. "गाते. पन या दोघांचं नाय. यांचं मी कालच लावलं. आता परत लावायचं म्हंजे मधी काडीमोड कदी झाला?"

काशीरामने मुंडावळ्या परत फडताळात ठेवल्या.

नेमका त्याच वेळी शेजारच्या सांडोर गावचा, काशीरामच्या ओळखीचा ऑगस्टीन मांडवासाठी केळीचे खांब घेऊन टेम्पोतून आला. सोबत बायको डेल्फिन होती, तिला संजनाला भेटायचं होतं. नथीआत्याने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे दोघं बसतील."

"कुठे बसायचं?" ऑगस्टीनने विचारलं.

काशीरामने समजावलं. ऑगस्टीन दोन पावलं मागे सरला. "जेजू! अरे काशीराम, मी केळीचे खांब द्यायला आलोय! फादरला काय सांगू?"

"नुसतं बसायचंय रे. माझ्या पोरीचं लग्न अडलंय."

डेल्फिनने आधी हेमांगीचे सुजलेले डोळे पाहिले, मग नवऱ्याकडे. "बस गपचूप. आपल्या लग्नात तुला सूट टोचत होता म्हणून फोटोत तुझं तोंड वाकडं आलंय. आता सरळ कर."

ऑगस्टीन बसला. त्याचं तोंड मात्र वाकडंच होतं. नथीआत्याने गायला घेतलं आणि या वेळी तिचा आवाज आधीपेक्षा मोकळा लागला. मग ती दोघं रोज दुपारी सांडोरहून येऊ लागली. पहिल्या दिवशी ऑगस्टीन घड्याळ पाहत होता. नंतर तो लवकर येऊन पाटावर बसून राहू लागला.

भूपेशने यावेळी सगळं नीट साठवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने पहिल्या धवल्यातली नावं कापून तिथे विघ्नेश आणि हेमांगी अशी बसवली. नथीआत्याने ती दोन नावं सुटी म्हणून दिली होती, तेही भांडून. पहिला धवला वाजवून पाहिला. झकास. भूपेशला वाटलं, नाव एकदाच येत असणार, पुढे नुसतं गाणं.

लग्नाच्या दिवशी विघ्नेशकडची मंडळी विरारहून आली. फ्लॅटातली माणसं, साताऱ्याकडची, धवला त्यांनी कधी ऐकला नव्हता. विघ्नेशची आई आशालता पुढच्या खुर्चीत हात जोडून बसली. भूपेशने मांडवात आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पहिला धवला संपूर्ण मांडवाने कौतुकाने ऐकला. दुसरा सुरू झाला.

"ऑगस्टीन नवरा चढला मांडवी,
डेल्फिन नवरी लाजते पाठी..."

विघ्नेशने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने जमिनीकडे पाहिलं. आशालताबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, हे काय चाललंय? हा ऑगस्टीन कोण?"

जेवणाच्या बाजूने, हातात भज्यांची प्लेट घेतलेला ऑगस्टीन, सवयीने म्हणाला, "मी."

"तुमचं लग्न हेमांगीशी ठरलं होतं?"

"नाही हो बाई, माझं लग्न डेल्फिनशी लागतंय! म्हणजे लागलंय. म्हणजे आधीच लागलेलं, चर्चमध्ये, मग इथे परत..."

भूपेश बटणं दाबत होता. गाणं थांबेना. स्पीकरवाला जेवायला गेला होता. चार वेळा बंद करून चालू करून पाहिलेलं ते यंत्र आता एकाही बटणाचं ऐकेना. संजना मोठ्याने ओरडली, "फोनवर घे बोललेले!"

तेवढ्यात नथीआत्या उठली. काठी टेकत स्पीकरपाशी गेली आणि तिने वायर उपटली.

"बसा समदी," ती म्हणाली. "लगीन मानसांचं हाय, मानूसच लावनार."

आणि ती गायला लागली. आवाज चिरलेला होता, दुसऱ्या ओळीला दम लागला. काशीरामने पाणी घेऊन धाव घेतली. पण आत्या थांबली तिथून पुढची ओळ मांडवाच्या कोपऱ्यातून आली. डेल्फिन गात होती. इतक्या दुपारी पाटावर बसून तिला तो धवला पाठ झाला होता. पाठोपाठ संजना गायला लागली. मग दोघींनी मिळून धवला गायला, नथीआत्या फक्त मध्ये मध्ये नावं सांगे आणि चुकलं की काठी आपटे. विघ्नेश आणि हेमांगीचं लग्न वेळेवर लागलं. आशालताबाईंनी डेल्फिनची ओटी भरली आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या आगऱ्यांतल्या?"

डेल्फिन म्हणाली, "सांडोरच्या. चर्चच्या मागे."

कॉम्प्युटर अजून काशीरामकडे आहे आणि लिनक्सही त्यात नीट चालतंय. नथीआत्याचा आवाज ऐकायचा तर आजही ऑगस्टीनचंच लग्न लावावं लागतं. ऑगस्टीन दर मे महिन्यात येतो, शर्टाचं वरचं बटण लावून समोर बसतो आणि शेवटपर्यंत ऐकतो.

नथीआत्या दोन हजार पंचवीसच्या माघात, सकाळी, झोपेतच वारली.