शिदोजी हवालदाराचे आठ तणावे

शिदोजी हवालदार कुठंही गेला की आधी टाचेनं जमीन दाबून बघायचा. लग्नाचा मांडव असो, देवळाचं पटांगण असो, नाहीतर माझ्या शाळेचं अंगण. दाबायची, दोन पावलं सरकून पुन्हा दाबायची आणि मग निकाल द्यायचा, "हितं मेख धरंल." किंवा, "हितं न्हाई धरायची." गावातल्या एका म्हाताऱ्याला पोचवायला आम्ही कृष्णेवर गेलो, तर तिथंही चिता पेटायच्या आत याची टाच सुरू. "लय भुसभुशीत हाय," असं तो माझ्या कानात म्हणाला, पण फौजी आवाजात, त्यामुळं रडणारेही वळून बघायला लागले. मी मान खाली घातली. शेजाऱ्याबरोबर जायचं म्हणजे हे आलंच.

शेजारी म्हणजे त्याच्या परड्याला लागून माझी भाड्याची खोली. मी मूळचा वाईचा. लढाई संपता संपता पलूसजवळच्या या गावात शाळामास्तर म्हणून माझी बदली झाली आणि पाठोपाठ हवालदार फौजेतून सुटून आला. पलटणीत त्याचं काम एकच होतं, तंबू ठोकायचे. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस म्हणून मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "इटलीत काय काय बघितलंत?"

"वल्ली जमीन. मेख घातली की आपसूक वर येती."

"आणि मिसरात?"

"रेती. रेतीत मेख उभी करायची न्हाई मास्तर, वंडका आडवा पुरायचा आन त्येला तणावा बांधायचा. आडव्याला वारं उपटत न्हाई."

जगाचा भूगोल मी त्याच्याकडून असा शिकलो. पिरॅमिडांचं नावही निघालं नाही.

गावात तो आला तो एक डबा घेऊन. लष्करानं लिलावात काढलेली, कुठल्यातरी गोऱ्या साहेबाची चाकावरची खोली होती ती. पत्र्याच्या भिंती, एक खिडकी, आत पलंग, दाराला लोखंडी पायरी. मोटारीच्या मागं बांधून न्यायची वस्तू, ती स्टेशनापासून बैलांच्या दोन जोड्यांनी ओढत आणली. अख्खं गाव मागं चाललं होतं.

दारात त्याची बायको हौसाबाई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभी होती. कडेवर दीड वर्षाची पोर. मागच्या रजेनंतर जन्मलेली, बापानं अजून न बघितलेली. हवालदार दहा हातांवर थांबला. म्हणाला, "तितनंच ववाळ."

"आवं, पुढं तर या."

"तितनंच. आर्डर हाय."

तिनं लांबूनच ओवाळलं आणि तुकडा भिरकावला. लोक हसले, मीही हसलो. हौसाबाईला मात्र हसू आलं नाही. हवालदारानं पोरीला कडक सलाम ठोकला आणि डबा परड्यात न्यायला सांगितलं. त्या दिवसापासून त्याचा मुक्काम डब्यात पडला, तो घराची पायरी म्हणून चढला नाही.

डब्यावर छत उभारायला त्यानं चार दिवस घेतले. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून वर ताडपत्री हवी. पण ती पत्र्याला टेकता कामा नये, मधे हातभर वारा खेळला पाहिजे. वेळूच्या खांबांखाली चपटे दगड ठेवले, नाहीतर पावसात खांब जमिनीत जातात. मेखा बाभळीच्या, त्याही तिरक्या, डोकं छताच्या उलट दिशेला कललेलं. आमच्या काळ्या जमिनीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. दोन तोंडाची हाय." म्हणून चार कोपऱ्यांवर मेखांऐवजी ओंडके आडवे पुरले, मेखा उरल्या त्या चार बाजूंच्या मधोमध. मी म्हटलं, "अहो, एवढं करण्यापेक्षा डब्याच्या चाकालाच बांधा की." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी स्वतःच्या वर्गात अंगठे धरून उभा आहे असं मला वाटलं. "छत गेलं तर छतच जावं, मास्तर. संगं घर जाऊ ने."

शेवटी छताच्या आत, चारी बाजूंनी, त्यानं चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या आत कुणी यायचं नाही. बायकोनं नाही, पोरीनं नाही, मी तर नाहीच. त्याचा मग वेगळा, ताटली वेगळी, ती तो स्वतः उकळत्या पाण्यात घालायचा. जेवण हौसाबाईनं रेघेबाहेरच्या दगडावर ठेवायचं आणि मागं व्हायचं. सकाळी पोर लुटूलुटू रेघेपर्यंत आली की आतून सलाम, बाहेरून सलाम. गावानं निदान केलं की लढाईनं त्याचा पार साहेब केला. मलाही ते पटलं होतं.

पण खरी गंमत संध्याकाळी. दिवस कलला की हवालदार लाकडी मोगरी घेऊन निघायचा आणि छताचे आठही तणावे, म्हणजे ताणाचे दोर, सैल करायचा. सकाळी उठून पुन्हा ताणायचा. रोज. मी एकदा म्हटलं, "सोडायचेच असतील तर ताणता कशाला?"

"दोर अंबाडीचा हाय. दव पडलं की आखडतो. ताणल्याला दोर आखडला की मेख उपटतो. दमानं घ्यावं लागतं त्येला."

मी मान डोलावली आणि विसरलो. शिकवायची सवय लागलेल्या माणसाला ऐकायची सवय राहत नाही.

एके दिवशी हौसाबाई कुंपणापाशी आली. "मास्तर, तुमी शिकल्यालं. इचारा की त्यास्नी. चार वर्सं वाट बगितली म्या. माझं काय चुकलं? पोरीला येकदा तरी कडंवर घ्यावं का नगं?" तिचा पदर डोळ्यांना होता.

मी विचारलं. हवालदार म्हणाला, "घरात झोप लागत न्हाई. तंबूची सवं."

"आणि ऑर्डर कुणाची?"

"हाय येकाची." एवढं बोलून तो खोकला आणि तणाव्यांकडं वळला.

महिन्यातून एकदा तो मिरजेला जायचा, दोर आणायला म्हणून. परत यायचा रिकाम्या हातांनी. यावरही आम्ही हसून घेतलं होतं.

वैशाखात असाच तो मिरजेला गेला असताना, दुपारी चारच्या सुमाराला आभाळ काळंभोर झालं. धुळीचा लोट उठला, ताडपत्री फडफडायला लागली. हौसाबाई धावत आली. वाऱ्यात कडब्याची गंजी उडू नये म्हणून वरचे दोर आवळायचे, हे तिला लहानपणापासून ठाऊक, आणि मला तर सगळंच ठाऊक. मी पंचा कमरेला बांधला आणि हुकूम सोडायला लागलो. आठही तणावे आम्ही असे आवळले की बोटानं छेडले असते तर सूर निघाला असता. मी हौसाबाईला म्हणालो, "आता येऊ दे वारा. हवालदार खूश होतील."

वारा आला, गारा आल्या, धो धो पाऊस आला. दोर भिजले आणि आखडत गेले. अर्ध्या घटकेत आधी उत्तरेची मेख सुटली, मग दुसरी, मग तिसरी. कोपऱ्यांचे ओंडके जागचे हलले नाहीत, पण मधल्या मेखा गेल्यावर ताडपत्रीत वारा भरला, वेळू मोडले आणि छत फाटून बाभळीवर जाऊन पडलं. डब्याचं दार आपटत होतं, पाऊस सरळ आत. "त्येंचं सामान भिजतंय!" असं ओरडून हौसाबाईनं पहिल्यांदा ती रेघ ओलांडली. रेघ तरी कुठं उरली होती म्हणा, चुना वाहून चालला होता. मी तिच्या मागं.

आत पलंगाखाली थुंकायची, झाकणाची एक डबी होती. पलंगावरचं अंथरूण उचलताना तिच्या हाताशी फडक्यांची चवड आली. धुतलेली, नीट घडी घातलेली फडकी, आणि धुऊनही न गेलेले रक्ताचे डाग. उशीखाली मिरजेच्या डॉक्टरचा इंग्रजी कागद होता. मी तो वाचला. दोन्ही फुप्फुसांना क्षय.

"मास्तर," हौसाबाई फडकी हातात धरून म्हणाली, "कागूद वाचून दावू नगा. कळालं मला."

तेवढ्यात हवालदार आला, नखशिखांत भिजलेला. तिला आत बघून त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकू नये. "हौसे, भायेर! हात लावू नगंस कशाला! भायेर हो!" पुढचे शब्द खोकल्यात गेले. तो चिखलात बसला. खोकला थांबल्यावर त्यानं उपटलेल्या मेखांकडं बघितलं.

"तणावं कुनी आवळलं?"

"मी," मी म्हणालो.

"सैल सोडायचं आस्तं, मास्तर." बस्स. एवढंच. नंतर कधी त्यानं तो विषय काढला नाही, आणि त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

ती बाहेर पडल्यावर मग तो बोलला. भरतीच्या आधी त्यानं चुलत्याचं घर बघितलं होतं. "येकाला झालं. बायकू शेवा कराय बसली, तिला झालं. मग पोरं. चार तिरड्या म्या उचलल्यात, मास्तर. फौजेच्या डाक्टरनं सांगितलं तवाच ठरिवलं, घरात पाय ठिवायचा न्हाई. आन हिला सांगितलं आस्तं तर ही ऱ्हायली आस्ती व्हय लांब?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तो वेगळा मग, ती ताटली, तो सलाम, एकेक करून सगळं आठवलं.

दोन दिवसांत त्यानं छत पुन्हा उभं केलं, ताडपत्री मी शिवली. चुन्याची रेघही त्यानं पुन्हा ओढली. हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. रेघ पुरी झाल्यावर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रेघ. न्हाई ओलांडत म्या. पर मेखा रेघंच्या भायेर हायत. त्या आता माझ्याकडं."

हवालदारानं मोगरी रेघेबाहेरच्या दगडावर ठेवली. इतक्या वर्षांत त्याला ऑर्डर देणारं पहिल्यांदाच कुणी घरचं भेटलं होतं.

तेव्हापासून संध्याकाळी मोगरी तिच्या हातात. ती मेखेपाशी बसून तणावा सैल करायची, हवालदार छताखाली त्याच तणाव्याचं आतलं टोक धरून दोन हिसके द्यायचा. दोन हिसके म्हणजे ठीक. ते आले की तीही दोन द्यायची आणि पुढच्या मेखेकडं जायची. एका दोराला एका वेळी दोघांचे हात, एवढाच त्यांचा संसार उरला होता. मी खिडकीतून बघत असे आणि मग खिडकी लावून घेत असे. एकदा तर आतून तीन हिसके आले आणि ती पदरात तोंड घालून हसली. तिसरा कशाचा, ते मी विचारलं नाही.

पावसाळ्यात त्याचा पलंग डब्यातून छताखाली आला, हवेसाठी. हिसके द्यायला आठ तणाव्यांवरून तो चारांवर आला, मग दोनांवर. दसऱ्यानंतर उठणं बंद झालं. उशाकडच्या तेवढ्या एका तणाव्याचं आतलं टोक त्यानं पलंगाला बांधून घेतलं होतं. हौसाबाईची फेरी तिथूनच सुरू व्हायची. आतून हिसके यायचे, सावकाश, पण दोन.

कार्तिकात एका संध्याकाळी मी वह्या तपासत होतो. दारात हौसाबाई उभी राहिली. हातात मोगरी, हाताला माती. पोर कडेवर झोपलेली.

"मास्तर, चला. उशाच्या तणाव्याला वढ आली न्हाई."

मी उठलो. विचारलं, "आत्ताच?"

"न्हाई. दिस मावळायच्या आत." तिनं मोगरी माझ्या उंबऱ्यावर ठेवली. "दव पडंल, दोर आखडंल. म्हनून बाकीचं सात सैल करूनच आले."